आईवर गेलेले मुलगे

“खुर्ची माझीच!” मोठ्या बाईंनी जेवता जेवता जाहीर करून टाकलं. “हवं तर आजच तिची गादी शिवायला टाका!”

“कुठली खुर्ची?” सासूबाईंनी विचारलं. त्यांना वाटलं, घरात नवं सामान येतंय.

“विभागप्रमुखाची हो, आई! आमच्या जुन्या मॅडम निवृत्त होतायत ना.”

समोर धाकट्या बाई बसल्या होत्या. त्यांनी फक्त मीठ मागितलं. पण अशा काही गोड आवाजात मागितलं, की मोठ्या बाईंचा घास घशातच अडला.

त्याचं असं, की या दोघी सख्ख्या जावा. राहायच्या एकाच घरात आणि शिकवायच्याही एकाच कॉलेजात, एकाच जीवशास्त्र विभागात. आधी तिथे मोठ्या बाईंचं एकटीचं राज्य होतं. मग दिराचं लग्न झालं, धाकटी घरात आली आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून की काय, कॉलेजातही आली! मुलांनीच मग त्यांची नावं पाडली, मोठ्या बाई आणि धाकट्या बाई.

मोठ्या बाईंना धाकटीचा हेवा वाटत होता, असं कुणी म्हणू नये. फक्त धाकटीचं अक्षर, धाकटीचे केस, धाकटीच्या तासाला भरणारा वर्ग, धाकटीच्या मुलीनं पटकावलेले सासूबाईंचे घारे डोळे आणि धाकटी, एवढंच काय ते त्यांना सहन होत नसे.

खुर्चीसाठी नावं दोन आणि खुर्ची एक. प्राचार्यांनी आपल्या अंगावरचं झटकलं. “तपासणी समिती येतेय. दोघींनी एकेक प्रयोग दाखवा. जिचा प्रयोग चोख, तिचं नाव मी पुढे पाठवतो.” विषयही त्यांनीच दिला: फळमाशीच्या डोळ्यांचा रंग पोरांत कसा उतरतो?

फळमाशी म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावतं ते चिलट. त्याचे डोळे लालभडक असतात. एखाद्या वाणाचे मात्र पांढरे. मोठ्या बाईंनी बाटलीत पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या आणि लाल डोळ्यांचे नर घातले, तोंडाला कापसाचा बोळा लावला आणि बाटली विजयी मुद्रेनं सासूबाईंसमोर धरली.

“आता गंमत बघा, आई. यांना पोरं होतील ना, त्यातले मुलगे झाडून सगळे आईवर जाणार. पांढऱ्या डोळ्यांचे! आणि मुली सगळ्या बापावर, लाल डोळ्यांच्या!”

“असं कसं गं?”

“मुलाला हा रंग फक्त आईकडून मिळतो. मुलीला दोघांकडून मिळतो, पण लालपुढे पांढऱ्याचं काही चालत नाही.”

“मग माझा मोठा माझ्यासारखा शहाणा का नाही निघाला?”

“अहो, हा डोळ्यांचा प्रश्न आहे, आई.”

“आणि त्याचा डोक्याचा,” असं म्हणून सासूबाई भाजी निवडायला लागल्या.

धाकट्या बाईंनी जोडी उलटी लावली. आई लाल, बाप पांढरा. म्हणजे मुलगे लाल, मुलीही लाल! मोठ्या बाईंना हसूच फुटलं. सगळी बाटली एकरंगी! बघायला आलेल्यांनी बघायचं काय, कापसाचा बोळा?

पण हसू फार टिकलं नाही. कॉलेजातलं उबेचं कपाट बिघडलं आणि दोन्ही बाटल्या घरी आणाव्या लागल्या. स्वयंपाकघरात, फ्रिजची ऊब लागते त्या शेजारच्या फळीवर, त्या दोघी जावांसारख्याच अंग चोरून शेजारी शेजारी बसल्या. अंडी घालून झाल्यावर दोघींनी आपापले आई-बाप काढून टाकले. मक्याच्या पिठाच्या खळीत अळ्या वळवळल्या, काचेवर कोष चिकटले आणि एक दिवस चिलटं बाहेर पडायला लागली.

धाकटीच्या बाटलीत तर जत्राच भरली! मोठ्या बाईंच्या बाटलीत मात्र सुट्टीच्या दिवशीच्या वर्गासारखी मोजकी टाळकी. पांढऱ्या डोळ्यांचा वाण जरा नाजूकच असतो, हे मोठ्या बाई दर वर्षी मुलांना शिकवत आल्या होत्या. पण शिकवणं निराळं आणि धाकटीच्या बाटलीशेजारी उभं राहून सोसणं निराळं!

त्यांनी आपली बाटली फ्रिजच्या जास्त जवळ सरकवली. पाणी प्यायला म्हणून धाकट्या बाई आल्या आणि आपली त्याहून जवळ सरकवून गेल्या. मग मोठ्या बाईंना तहान लागली. त्या दिवशी घरात दोघींनी मिळून एवढं पाणी प्यायलं, की सासूबाईंनी विचारलं, “भाजीत तिखट जास्त झालं का गं?”

“तिखट नाही हो!” मोठ्या बाईंचा बांध फुटला. “तिची बाटली बघा, कशी लेकुरवाळी! आणि माझी? तिला सगळंच भरभरून मिळतं, आई. माझ्याच वाट्याला नेहमी कमी!”

सासूबाई गप्प राहिल्या.

त्या गप्प राहिल्या, की घरात काहीतरी होतं, हे एव्हाना दोन्ही सुनांना कळायला हवं होतं. या घरात एकीला साडी आली की दुसरीला त्याच किमतीची येई. एकीला रागावल्या, की त्या दुसरीलाही बोलावून रागवत. तिचा काही दोष नसला तरी!

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई कॉलेजातून परतल्या आणि फळीपाशी थबकल्या. बाटली गजबजली होती! एकदम सगळे कोष फुटले असणार! आणि धाकटीची? थोडी विरळच वाटत होती की! मोठ्या बाई गुणगुणायला लागल्या. एवढंच नाही, तर त्यांनी आपणहून धाकटीला चहा करून दिला. चहा घेताना धाकट्या बाईंनी कपात वाकून नीट पाहिलं.

समितीचा दिवस उजाडला. प्रयोगशाळेत प्राचार्य होते, समितीच्या अध्यक्षबाई होत्या, टाय लावलेले दोन सदस्य होते, वनस्पतीशास्त्राचे सर उगाचच होते, आणि मागे स्टुलावर सासूबाई होत्या. सुनांचं कौतुक बघायला त्या खास आल्या होत्या.

मोठ्या बाईंनी माश्यांना ईथर हुंगवलं आणि त्या टेबलावरच्या पांढऱ्या फरशीवर ओतल्या. “पोटाचं टोक काळं तो नर. या बाटलीतला प्रत्येक नर पांढऱ्या डोळ्यांचा आहे. एकही अपवाद सापडला तर मी शिकवणं सोडीन!”

अध्यक्षबाई भिंगातून बघू लागल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

“बाई, हा काळ्या टोकाचा दिसतोय. पण डोळे लाल आहेत.”

“एखादा असेल...”

“हाही. हाही. आणि हा तर चांगलाच लाल आहे.”

मोठ्या बाईंनी भिंग जवळजवळ हिसकावलंच. लाल डोळ्यांचे नर! पांढऱ्या डोळ्यांच्या आईला लाल डोळ्यांचे मुलगे! बेशुद्ध पडलेले असूनही ते आपल्याकडेच बघतायत, असं त्यांना वाटलं. असा मुलगा एकाच तऱ्हेनं जन्माला येऊ शकतो, त्याची आई वेगळी असली तर! आणि लाल डोळ्यांच्या आया घरात कुणाकडे होत्या? त्या गर्रकन वळल्या.

“ही आई तुझी आहे!”

“काय म्हणालात?” धाकट्या बाई उठल्या.

“तुझी आई माझ्या बाटलीत शिरली! तुझ्या आईचीच पोरं आहेत ही!”

“वहिनी, माझ्या आईवर जाऊ नका हं!”

“मी माशीच्या आईबद्दल बोलतेय!”

“माझ्या आईला माशी म्हणता?”

टायवाले सदस्य हळूच दाराकडे सरकले. तेवढ्यात धाकट्या बाईंनी संशयानं आपलीही बाटली ओतली, भिंगात डोळा घातला आणि त्यांच्या तोंडून किंकाळीच फुटली.

“पांढरे! माझ्यात पांढरे मुलगे! आता बोला, वहिनी! तुमच्या आईनं माझ्याकडे कधी तोंड काळं केलं?”

“माझी आई असलं काही करणार नाही! साधी, नाजूक, पांढऱ्या डोळ्यांची बाई ती!”

“बाई?” अध्यक्षबाईंनी प्राचार्यांना विचारलं. “यांच्या मातोश्रींना दिसत नाही का?”

“अगं, कशाला भांडता!” मागून सासूबाईंचा शांत आवाज आला. त्या उठून पुढे आल्या, पदर सारखा केला आणि कौतुक स्वीकारावं तशा हसल्या. “कुणाची आई कुठे गेली नाही. मी वाटणी केली.”

“वाटणी?” दोघी एकदम ओरडल्या.

“मग? एकीकडे एवढी पोरं, एकीकडे तेवढीशी. मोठीनं जेवण सोडायचं बाकी ठेवलं होतं. तुम्ही करता तसं बाटलीला बाटली लावली, टकटक केलं, सगळी एकत्र केली आणि निम्मी निम्मी केली. माझ्या घरात एकीला कमी, एकीला जास्त, असं मी कधी होऊ दिलं नाही.”

फरशीवरची एक माशी शुद्धीवर आली, तिनं आजूबाजूला पाहिलं आणि खिडकीतून निघून गेली. मोठ्या बाईंना तिचा फार हेवा वाटला.

अध्यक्षबाई आणि प्राचार्य बाहेर व्हरांड्यात गेले. आत फक्त हसण्याचा आवाज येत होता. परत आले तेव्हा प्राचार्यांनी डोळे पुसले आणि सांगितलं, “विभागप्रमुख म्हणून आपण वनस्पतीशास्त्राच्या सरांचं नाव पाठवू. अध्यक्षबाई म्हणाल्या, झाडांना निदान जावा नसतात.”

सरांनी लगेच खुर्चीवर रुमाल टाकला!

घरी जाताना सासूबाई पुढे चालत होत्या. रागावू नये म्हणून त्यांनी दोघींना एकेक केळं घेऊन दिलं होतं. मागून दोघी जावा कितीतरी दिवसांनी एका चालीनं चालत होत्या.

“सरांना काय येतं हो, वहिनी? पानं दाबून वाळवायची!”

“आणि तीही वाकडी!” मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांना आज पहिल्यांदाच धाकटी जरा बरी वाटली. त्यांनी तिचा हात हातात घेतला. कॉलेजच्या फाटकापासून त्यांच्या मनात एक वाक्य घोळत होतं. ते नीट, हळुवारपणे, दुखणार नाही पण लागेल अशा बेतानं कसं म्हणावं, याची त्या जुळणी करत होत्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी घसा खाकरला.

“वहिनी,” धाकट्या बाईच आधी बोलल्या, “एक खरं सांगू? खुर्ची मला मिळाली नाही, याचं मला खूप वाईट वाटलं. पण तुम्हालाही मिळाली नाही म्हटल्यावर किती हलकं वाटलं म्हणून सांगू!”

मोठ्या बाईंनी हात सोडला. शब्द न् शब्द तेच वाक्य! तेही मेलीनं आधी म्हणून घेतलं, आणि वर किती गोड आवाजात!