आत्याच्या चुलीचं गिऱ्हाईक दारातूनच का वळतं?

निरीक्षणशक्ती माणसात मुळातच असावी लागते. माझ्यात ती आहे. हे मला स्वतःलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही. मी रावसाहेब बोराटे, खासगी गुप्तहेर, विश्रांतवाडी. त्याआधी एकतीस वर्षं मी खडकवासला धरणावर पाण्याची पातळी मोजली. पाणी एक सेंटिमीटर चढलं तर ते आधी मला कळायचं आणि मग धरणाला. निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भिंग, डायरी आणि तपकिरी टोपी विकत घेतली. आजवर सात प्रकरणं हाताळली. त्यांतली पाच आपोआप सुटली आणि दोन अजून विचाराधीन आहेत.

माझी सहायक म्हणून माझी पत्नी सत्यशीला काम पाहते. या पदासाठी तिने अर्ज केला नव्हता. "तुम्हाला एकट्याला सोडलं तर लोक मारतील," एवढंच तिचं म्हणणं आहे.

आठवं प्रकरण आमच्याच सोसायटीतल्या नम्रताने आणलं. नम्रता मूळची अमरावतीची. आयटीतली नोकरी सोडून तिने तीन महिन्यांपूर्वी सुखदा टाउन सेंटरमध्ये 'आत्याची चूल' नावाचं रेस्टॉरंट काढलं. सुखदा टाउन सेंटर म्हणजे आळंदी रस्त्याला एका बिल्डरने वसवलेला नवा चौक. मधोमध कारंजं, भोवती बाकं आणि तळमजल्यावर ओळीने अकरा रेस्टॉरंटं. कारंजं उद्घाटनाच्या दिवशी उडालं ते शेवटचं. रेस्टॉरंटांचंही साधारण तसंच होतं. मोमोवाला गेला तिथे पिझ्झावाला आला. पिझ्झावाला गेला तिथे 'लवकरच येत आहोत' अशी पाटी आली, आणि आजवर त्या गाळ्यात तीच सर्वांत जास्त टिकली आहे.

"काका, या रविवारी टाउन सेंटरचे मॅनेजर येणार आहेत," नम्रता म्हणाली. "दुपारी जेवणाच्या वेळी निम्मी टेबलं भरलेली दिसली नाहीत, तर जागा मोबाईलच्या दुकानाला देणार."

"जेवण कसं असतं गं?" सत्यशीलाने विचारलं.

"आत्या करते. माझ्यासाठी अमरावतीचं घर बंद करून आलीय ती. पाटवडी-रस्सा, कढीगोळे, भरीत. काकू, जो एकदा आत येऊन जेवला तो परत येतो. पण आत येतच नाहीत हो! दारापर्यंत येतात, बघतात आणि वळतात." तिने रेस्टॉरंटची किल्ली आमच्या टेबलावर ठेवली. "रोज संध्याकाळी आत्या उरलेल्या पातेल्याकडे बघते आणि झाकण लावते. तिला कुठल्या तोंडाने परत पाठवू?"

मला वाईट वाटलं. गुप्तहेरालाही हृदय असतं. मी टोपी घातली.

गुरुवारी दुपारी आम्ही घटनास्थळी पोचलो. मी भिंग काढून पाहणी सुरू केली. काचेचं दार. त्यावर उद्घाटनाचं झेंडूचं तोरण, पार सुकलेलं. आतून उदबत्तीचा मंद वास. दाराबाहेर पायपुसण्याशेजारी ओळीने मांडलेल्या सात जोड चपला.

"आत्याचा नियम," नम्रता म्हणाली. "चुलीपाशी चपला चालायच्या नाहीत. गिऱ्हाइकांना नाही हं, फक्त आम्हा सात काम करणाऱ्यांना."

मी कामावरच होतो. बूट काढून मी आठव्या क्रमांकावर ठेवले, तेही जरा पुढे, कारण हुद्दा दिसायला हवा. शेजारी सत्यशीलाच्या चपला आल्या. मी डायरीत नोंद केली: 'चपला नऊ जोड. गिऱ्हाईक दोन.' बारकावे टिपायची माझी सवय जुनी आहे.

आत्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "या बाप्पा. आधी जेवून घ्या, मंग करा तपास."

रस्सा असा होता की माझ्या टोपीच्या आत घाम आला. मी तीन वाट्या पुरावा संपवला. याचा अर्थ दोष जेवणात नव्हता, म्हणजेच हे कारस्थान होतं.

पहिला संशयित तर भिंतीपलीकडेच बसला होता. शेजारचं बिर्याणीचं हॉटेल अमीनभाईंचं, आणि तिथे बाहेर बाकावर लोक नंबर लावून बसलेले. मी थेट त्यांच्या गल्ल्यासमोर उभा राहिलो.

"अमीनभाई, तुमचा पंखा बिर्याणीचा वास नेमका नम्रताच्या दाराकडे फेकतो. हा योगायोग आहे का?"

"रावसाहेब, तो पंखा महिनाभरापासून बंद आहे," अमीनभाई शांतपणे म्हणाले. "आणि माझ्याकडे जागा नसली की मीच लोकांना सांगतो, शेजारी जा, बाईंच्या हाताला चव आहे. जातात आणि परत येऊन बाकावर बसतात. म्हणतात, रिकाम्या हाताने कसं जायचं?"

मी दचकलो. रिकाम्या हाताने! म्हणजे दारात कोणीतरी लोकांकडून काहीतरी मागत होतं. खंडणी! मी सत्यशीलाला बाजूला घेऊन ही गोष्ट कानात सांगितली.

"दारात कोण आहे खंडणी मागायला?" ती म्हणाली. "पायपुसणं?"

शुक्रवारी मी जाळं पसरलं. आमच्या हास्यक्लबातले सहा ज्येष्ठ सभासद हेर म्हणून आत बसवायचे ठरले. दारातल्या चपला पाहून त्या सभ्य माणसांनी आपल्याही काढल्या. डायरीतली नोंद: 'चपला पंधरा जोड. गिऱ्हाईक शून्य.' हेरांनी गोळाभात चापला, पण ते माझी माणसं असल्याने गिऱ्हाईक म्हणून धरले नाहीत. माझा तपास जसजसा खोल जात होता तसतसं गिऱ्हाईक कमी होत होतं. गुन्हेगार मला घाबरून सावध झाला आहे, हे उघड होतं.

शनिवारी तर धागाच हाती लागला. एक बाई दोन मुलांना घेऊन दारापर्यंत आल्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं, ओढणी सारखी केली, दाराला हात जोडून नमस्कार केला आणि निघून गेल्या.

"पाहिलंस?" मी कुजबुजलो. "सांकेतिक खूण! ही टोळी आहे. मुलांना पुढे करून काम करते."

"मुलं भुकेली दिसत होती," सत्यशीला म्हणाली. "तुम्ही खांबामागून बाहेर या. तुमचं पोट दिसतंय."

रविवार उजाडला. बारा वाजून गेले तरी बारापैकी एकाही टेबलावर माणूस नव्हता. मॅनेजर एक वाजता येणार होते. आत्यांनी पहाटे उठून पाटवड्या थापल्या होत्या. नम्रता एकच टेबल परत परत पुसत होती. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो, अनवाणी. माझा चौथा सिद्धांत तयार होता. त्यात वास्तुदोष, परकीय हात आणि ते बंद कारंजं या तिन्हींचा समावेश होता.

तेवढ्यात झाडू माझ्या पायाला लागला. टाउन सेंटरचा व्हरांडा झाडणाऱ्या कांताबाई लोहगावकडून रोज चालत येत. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"ओ टोपीवाले, ह्या चपला उचला की. तीन महिनं झालं, ह्यांच्या भवतीनं झाडू मारतीया. कवा संपायची हिथली पूजा?"

"कसली पूजा?" मी विचारलं.

"मला काय ठावं? सत्यनारायन असंल. दारात तोरन हाय, उदबत्तीचा वास हाय, चपलांचा ह्यो ढीग हाय. दुसरं काय असतंय? लोकं येत्यात, बगत्यात आन् म्हनत्यात, दुसऱ्याच्या पूजेला बिगर बोलवता, रिकाम्या हातानं कसं जायाचं? त्यातून तुमी आल्यापासनं तर गर्दी लईच वाडली."

मी चपलांकडे पाहिलं. नम्रताने चपलांकडे पाहिलं. आत्या दारात आल्या होत्या, त्यांनीही पाहिलं.

"मीही याच निष्कर्षाकडे येत होतो," मी म्हणालो.

"या की मग," सत्यशीला म्हणाली, "आणि येताना ते बूट उचला. तेच सगळ्यात पुढे आहेत."

आत्यांचा चेहरा उतरला होता. "म्हंजे माह्याच नेमानं तुही गिऱ्हाइकं गेली, पोरी?"

नम्रताने त्यांना घट्ट मिठी मारली. "नेम चांगलाच आहे गं आत्या. तो फक्त मागच्या दारी नेऊ."

मग जी धावपळ झाली, ती मी माझ्या देखरेखीखाली झाली असं लिहिणार होतो. प्रत्यक्षात माझ्या हातात नऊ चपला होत्या आणि त्यांत एकही जोड जुळत नव्हता. तोरण आत्यांनी स्वतः उतरवलं. अमीनभाईंनी बाकावरच्या लोकांना हाक दिली, "अहो, पूजाबिजा काही नाही, बिनधास्त जा!" दहा मिनिटांत पहिलं कुटुंब बूट घालून आत आलं, त्यामागे आणखी दोन. त्याच बाकावरून कालच्या बाई आल्या, दोन्ही मुलं पळतच टेबलाशी गेली. मग हिंजवडीत काम करणारी चार मुलं आली. त्यांतला एक यवतमाळचा निघाला. पाटवडी तोंडात घातल्यावर त्याने थेट आईला फोन लावला.

बरोबर एक वाजता मॅनेजर तेजस आले. उभ्यानेच टेबलं मोजत म्हणाले, "याआधी मी तीनदा येऊन गेलो. दर वेळी इथे पूजा. म्हटलं, लोकांच्या घरगुती कार्यात कागद घेऊन कुठे शिरायचं?" मग त्यांची पेन्सिल थांबली. "पाच टेबलं भरलेली आहेत. निम्मी म्हणजे सहा."

हास्यक्लबाचे हेर आज खडकवासल्याला सहलीला गेले होते. मी चपळाईने सहाव्या टेबलाची खुर्ची ओढली. "तुम्ही कामावर आहात," सत्यशीलाने मला दंडाला धरून उठवलं.

नम्रता मात्र तोवर बाहेर गेली होती. कांताबाई भिंतीला झाडू टेकवून शिदोरी सोडत होत्या.

"कांताबाई, आत चला. जेवायला बसा."

"मी? मी हिथं झाडते, बसत न्हाय."

"आज बसायचं."

कांताबाई उठल्या. उंबऱ्यापाशी सवयीने थांबल्या आणि त्यांनी चपला काढायला पाय उचलला. तेवढ्यात चुलीपासून आत्या लगबगीने बाहेर आल्या.

"काढू नका, बाई. घालूनच या. तुम्ही गिऱ्हाईक आहात."

कांताबाईंनी उचललेला पाय खाली ठेवला. मग त्या चपला घालून आत आल्या, सहाव्या टेबलावर बसल्या आणि आत्यांनी स्वतःच्या हाताने त्यांचं ताट वाढलं. तेजसने कागदावर खूण केली, घडी घालून खिशात टाकली आणि विचारलं, "माझ्यासाठी जागा आहे का?"

मला जेवण स्वयंपाकघरात उभ्याने मिळालं, अनवाणी. तिथेच मी डायरी उघडून लिहिलं, 'प्रकरण आठवं सुटलं.' त्यापुढचा 'कोणी सोडवलं' हा रकाना मी मोकळाच ठेवणार होतो. सत्यशीलाने पेन मागून घेतलं आणि तिथे कांताबाईंचं नाव लिहिलं. मग खाली आणखी एक ओळ घातली:

'मुख्य संशयित: आठवा जोड, तपकिरी बूट. मालक जागीच सापडला.'