मुंगीशास्त्राचा एकुलता विद्यार्थी

मुलांनो, सरळ बसा आणि ऐका. गोष्ट शिक्षणाची आहे, त्यामुळे मध्येच हसू नका. हसायचे असेल तर शेवटी हसा, तोपर्यंत हसावेसे वाटले तर.

एका जंगलात एक विद्यापीठ होते. जंगल दक्षिणेला होते, म्हणून त्याचे नाव दक्षिणारण्य विद्यापीठ. ते फार मोठे होते. एका फाटकातून शिरलेला ससा दुसऱ्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत आजोबा झालेला असे. तिथे वसतिगृहे होती, उपाहारगृहे होती, माजी विद्यार्थ्यांचे पुतळे होते. मधोमध हिरवेगार मैदान होते. वर्गही होते. पण ते शोधावे लागत.

या विद्यापीठात सोनबा नावाचे एक खवले मांजर शिकायला आले.

खवले मांजर म्हणजे मांजर नव्हे बरं का. अंगभर खवले, लांबलचक जीभ आणि सशाला लाजवील असा भित्रा स्वभाव. घाबरले की ते डोके पोटात खुपसते आणि अंगाचा गोळा करते. मग त्याला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. सोनबा तर शिंक ऐकूनही गोळा होई.

पण त्याला यावे लागले. त्याच्या टेकडीवर संकट आले होते. तिथली वारुळे एकामागून एक ओस पडत होती, आणि खवले मांजरे जगतात ती मुंग्या नि वाळवी खाऊन. वारूळ ओस पडले की त्यांची चूल थंड.

"तू शिकून ये," सोनबाची आई म्हणाली होती. "वारुळं ओस का पडतात आणि काय केलं म्हणजे टिकतात, एवढंच विचारून ये. बाकीचं शहाणपण आणू नकोस. ते इथे टेकडीवर पुष्कळ आहे."

फाटकाशी त्याला चंपी नावाची शेकरू भेटली. ती विद्यापीठाच्या घोषणा मंडळाची अध्यक्ष होती. तिने अंगाला पळसाच्या फुलांचा केशरी रंग फासला होता.

"हुर्र दक्षिण!" ती ओरडली.

सोनबा गोळा झाला. बऱ्याच वेळाने त्याने डोके बाहेर काढले.

"नवा दिसतोस," चंपी म्हणाली. "अरे, इथे नमस्कार असाच करतात. कोणी 'हुर्र दक्षिण' म्हटलं की आपण 'हुर्र हुर्र' म्हणायचं. बरं, तू कुठला?"

"मुंगीशास्त्राचा."

"विषय कोण विचारतंय? विषय काय, कुणालाही असतो. कळप कुठला तुझा?"

तेव्हा सोनबाला कळले की या विद्यापीठात प्रवेश मिळणे सोपे असते, कळप मिळणे अवघड. सांबरांचा कळप होता, वानरांचा होता, रानडुकरांचा तर सर्वांत मानाचा होता. कळपात असाल तर उपाहारगृहात बसायला फांदी, आजारी पडलात तर विचारपूस, आणि रविवारी नाच. कळपात नसाल तर तुम्ही नुसते विद्यार्थी.

सोनबाने आठवडाभर सगळ्या कळपांपुढे नाचून दाखवले. शेवटी चंपीने त्याला निकाल सांगितला.

"तू नाचतोस वाईट, पण ते चाललं असतं. तुझ्या खवल्यांवर रंगच बसत नाही रे. मॅचच्या दिवशी फोटोत वाईट दिसशील."

सोनबाला वाईट वाटले. उगीच कशाला लपवायचे, तो त्या दिवशी एका पुतळ्यामागे बसून रडला. उपाहारगृहात तो एकटा जेवू लागला. समोरून कळप गात गात जाई आणि कुणीही त्याच्याकडे बघून "हुर्र" म्हणत नसे.

मुंगीशास्त्राचा वर्ग मात्र त्याला सापडला. मैदानाच्या पलीकडे, एका जुन्या जांभळीखाली. तिथे कासवसर शिकवत. त्यांनी सोनबाला पाहिले आणि ते उठून उभेच राहिले. खूप वर्षांनी त्यांच्या वर्गात विद्यार्थी आला होता.

"सर, वारुळं ओस का पडतात?" सोनबाने बसण्याआधीच विचारले.

"उत्तम प्रश्न!" सर म्हणाले. "अभ्यासक्रमात तो शेवटच्या तासाला आहे."

"आत्ताच सांगा ना, सर. आमच्याकडे उपाशी आहेत."

"बाळा, आधी मुंगी म्हणजे काय ते समजून घे. मग पाय. मग मिशा. पायऱ्या गाळून वर चढता येत नाही. निदान मला तरी येत नाही."

सोनबा रोज तासाला जाऊ लागला. सर सावकाश शिकवत, पण मनापासून शिकवत. सोनबा एकेक शब्द पाठ करी आणि टेकडी डोळ्यांपुढे आणी.

मग मॅचचा आठवडा आला.

मुलांनो, दक्षिणारण्यात वर्षाचे दोनच भाग असत. मॅचच्या आधीचा आणि मॅचच्या नंतरचा. मॅच उत्तरारण्य विद्यापीठाशी असे. ती कधी सुरू झाली ते कोणाला माहीत नव्हते, पण उत्तरेकडचे लोक नीच आहेत हे पहिल्या वर्षाच्या पिलालाही ठाऊक होते. मॅचच्या दिवशी पहाटेपासून झाडाखाली शिदोऱ्या मांडून आजी-माजी विद्यार्थी खात बसत. बेडकांचे बँडपथक वाजत राही. कुलगुरू गवेसाहेब स्वतः शिंगांना केशरी रंग लावून येत.

तासांना सुट्टी असे. फक्त कासवसरांना कोणी कळवले नव्हते. ते जांभळीखाली बसून विद्यार्थ्याची वाट पाहत होते. सोनबाला हे माहीत होते. म्हणून तो निघाला.

आता जांभळीकडे जायची वाट मैदानातूनच जात होती. सोनबा कडेकडेने, अंग चोरून निघाला. मैदानात अटीतटीचा खेळ रंगला होता. चेंडू होता कवठाचा. दक्षिणेचा कर्णधार, दणकू रानडुक्कर, चेंडूवर धावून आला आणि त्याने अशी लाथ हाणली की कवठ फुटले. गर सगळा पंचाच्या तोंडावर.

"नवा चेंडू!" दणकू ओरडला.

त्याच क्षणी सगळे जंगल एका आवाजात गर्जले, "हुर्र दक्षिण!"

सोनबा जिथे होता तिथे गोळा झाला.

दणकूने वळून पाहिले. पायाशी एक गोल, कठीण, चकचकीत वस्तू. दणकू विचार करणाऱ्यांपैकी नव्हता. त्याने लाथ मारली. सोनबा मैदानावरून उडाला, उत्तरेच्या अस्वलाच्या दोन पायांमधून घरंगळला आणि गोलात जाऊन पडला.

दक्षिण जिंकली. फार वर्षांनी जिंकली. म्हातारे हत्ती एकमेकांच्या गळ्यात सोंड टाकून रडले.

सोनबाने डोके बाहेर काढले, तेव्हा तो वानरांच्या खांद्यावर होता. खाली सगळे नाचत होते. अंग ठणकत होते. तरी खरे सांगायचे तर त्याला बरे वाटले. इतके दिवस त्याला कोणी शिवलेही नव्हते.

"हा आमच्या कळपाचा!" रानडुकरे म्हणाली.

"आमचा! आम्ही आधी नाकारला होता!" वानरे म्हणाली.

"पण माझ्या अंगावर रंग बसत नाही," सोनबा पुटपुटला.

"वेड्या, चेंडूला रंग कशाला लागतो?" चंपीने त्याचा गालगुच्चा घेतला.

"मला तासाला जायचंय हो. सर थांबले असतील."

गवेसाहेब मोठ्याने हसले. "तास? अरे, आजपासून तूच आमचं विद्यापीठ आहेस. विद्यापीठ कधी तासाला जातं का?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून सोनबा पुन्हा गोळा झाला, आणि हा किती साधा मुलगा म्हणून सगळ्यांनी त्याचे कौतुक केले.

त्यानंतर सोनबाला कशाची म्हणून ददात राहिली नाही. वसतिगृहातली सर्वांत मोठी ढोली त्याला मिळाली. दोन्ही वेळची वाळवी जागेवर येऊ लागली. उपाहारगृहात शिरला की सगळे उठून "हुर्र" म्हणत. सकाळी सराव, दुपारी सराव, संध्याकाळी मालिश. कधीकधी तो म्हणे, "आज जाऊन येतो जांभळीखाली." दणकू म्हणे, "मॅचनंतर जा." आणि कुठल्याही मॅचनंतर पुढची मॅच असतेच.

परीक्षांचीही सोय झाली. परीक्षेच्या दिवशी त्याला पेपरावर ठेवत. पेपर वाऱ्याने उडाला नाही, की सोनबा पास. तो दरवेळी पहिला आला.

जांभळीखाली कासवसर एकटेच शिकवत राहिले. मुंगी झाली, पाय झाले, मिशा झाल्या. अखेर शेवटचा तास आला, आणि विद्यार्थी आला नाही. सरांनी पुष्कळ वाट पाहिली. मग ते उठले आणि स्वतःच विद्यार्थ्याकडे निघाले. शिकवायचे ते शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

ते मैदानावर पोचले तेव्हा पदवीदान चालू होते. सोनबाला मुंगीशास्त्रातली डॉक्टरेट मिळत होती. सर धापा टाकत मंचावर चढले.

सोनबाने त्यांना पाहिले. त्याला रडूच कोसळले. "सर! चुकलो मी, सर. आता सांगा. मी ऐकतो."

सरांनी तोंड उघडले. तेवढ्यात चंपीने हात उंचावला, आणि सगळे मैदान गर्जले, "हुर्र दक्षिण!"

इतक्या वर्षांची सवय. सोनबा गोळा झाला.

सरांची नजर अधू झाली होती. त्यांना वाटले, विद्यार्थ्याने साष्टांग नमस्कार घातला. "विद्या विनयेन शोभते," ते गहिवरून म्हणाले. मग त्यांनी त्या गोळ्यावर हात ठेवून शेवटचा तास पूर्ण घेतला.

"बाळा, वारूळ कधी मुळापासून खणू नये. वरवरचं खावं, पोट भरण्याआधी उठावं. आणि आतल्या राणीला कधीही हात लावू नये. राणी आहे तोवर वारूळ पुन्हा भरतं. राणी गेली की संपलं. एवढंच मुंगीशास्त्र आहे. बाकी सगळं मी नोकरीसाठी शिकवलं."

सर समाधानाने मंचावरून उतरले. गवेसाहेबांनी परंपरेप्रमाणे सोनबाला मानाची लाथ मारली, आणि तो डॉक्टर झाला.

डॉक्टर सोनबा टेकडीवर परतले तेव्हा सगळी खवले मांजरे वेशीपर्यंत सामोरी आली. त्यांची पोटे खपाटीला गेली होती. पण पोरगा डॉक्टर होऊन आला होता, त्याला कोरड्या तोंडाने कसे बसवायचे? टेकडीवर एकच जिवंत वारूळ उरले होते. आईने ते जिवापाड राखले होते.

"आता राखायचं कशाला?" आई म्हणाली. "विद्या घरात आली."

सगळ्यांनी मिळून ते वारूळ मुळापर्यंत खणले. आतली राणी, टपोरी, पांढरीशुभ्र, पळसाच्या पानावर ठेवून डॉक्टरांपुढे आणली. सगळे उपाशी होते, तरी कोणी जीभसुद्धा लावली नाही. सोनबाला संकोच वाटला. पण आईचा आग्रह होता. त्याने राणी खाल्ली. चवीला फार छान होती.

"आता सांग," आई म्हणाली. "वारुळं टिकवायची कशी?"

सगळी टेकडी कान टवकारून बसली. लहान पिले पुढे सरकली. सोनबाने सगळ्यांकडे पाहिले. मुंगी आठवली, काही पाय आठवले. त्यापुढे नुसता गोंगाट आठवला.

त्याने डोके पोटात घातले आणि तो गोळा झाला.

मग आई हळूच त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या खवल्यांवरून हात फिरवू लागली.

"सोन्या," ती म्हणाली, "हे तर तुला जायच्या आधीही येत होतं रे."

तात्पर्य: भित्रेपणा हा दुर्गुण आहे असे कोणी सांगितले तर मुलांनो, विश्वास ठेवू नका. फक्त भ्यायची जागा नीट निवडा. कोपऱ्यात भ्यालेल्याला भेकड म्हणतात. भर मैदानात भ्यालेल्याला डॉक्टरेट देतात.