निंबाखालचं गिऱ्हाईक

"प्लॉट पाहाले आल्या का, ताई?" प्लॉट विकणाऱ्या वकारने विचारलं, आणि आकांक्षा "हो" म्हणून गेली.

तिला खरं तर तिथल्या निंबाच्या झाडाखाली थोडा वेळ बसायचं होतं. अकोल्याच्या वेशीवरचं हे वावर तिच्या वडिलांचं, नत्थुजींचं. शहर अंगावर आलं तेव्हा त्यांनी ते विकलं, तिथे प्लॉट पाडून लेआउट झालं, आणि दोन महिन्यांपूर्वी ते स्वतःच गेले. ती अमरावतीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. निम्म्याहून जास्त जग आता शहरात राहतं, माणसं कामाच्या मागे येतात आणि जमिनी माणसांच्या मागे महागतात, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण लेआउटच्या ऑफिसातल्या परक्या माणसाला "मी रडायला आले आहे" कसं सांगायचं, हे तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"कोन्ता दाखवू?"

"तो, निंबाजवळचा."

"वा! नजर हाये तुमची!"

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक, धारणीचे सुगत गुरुजी, नकाशावर वाकले. पोरांच्या शिक्षणासाठी त्यांना शहरात घर बांधायचं होतं, आणि सकाळपासून एकही प्लॉट मनात भरत नव्हता.

"म्याडम काय करता?"

"अर्थशास्त्र शिकवते."

झालं. अर्थशास्त्राच्या बाईंना हवा म्हणून गुरुजींनीही तोच प्लॉट मागितला. "पह्यले हे झाड काढा लागंन. गाडी कुठं लावाव?"

आकांक्षाने घाईने नकाशावर हात ठेवला. "तो घेऊ नका, गुरुजी. काळी माती आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंती तडकतील."

"पाहा," गुरुजी वकारच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "मले घेऊ देऊन नाही राहिल्या. मंग याच्यात कायतरी हायेच!"

वकारने लगेच भाव चढवला, गुरुजींनी तो कबूल केला. नुसत्या मागणीच्या वासावर जमीन कशी महागते, यावर आकांक्षाने गेल्याच वर्षी निबंध वाचला होता. टाळ्याही बऱ्या पडल्या होत्या. गुरुजींचा हात खिशाकडे गेला आणि प्राध्यापक बाईंची प्रमाण भाषा गळून पडली.

"ओ गुरुजी, थांबा ना! मले प्लॉट नाही पाहिजे! हे आमचं वावर व्हतं. माह्या बाबाच्या झाडाखाली बसाले आली मी, बस!"

वकार बघतच राहिला. "तुमी नत्थुजी काकाजीची पोरगी? अवो, ते तर आमचं पक्कं गिऱ्हाईक! दर हप्त्याले यायचे. 'पोरीसाठी प्लॉट पाहून राहिलो' म्हनत, अन् निंबाखाली दुपार काढत. उठताना म्हनत, 'पोरीले इचारून सांगतो.' मालूम व्हतं मले सारं. मीच खुर्ची टाकून द्यायचो." त्याने निंबाकडे पाहिलं. "दोन महिने झाले, दिसले नाही?"

आकांक्षाने मान हलवली. वकार उठला. आत जाऊन प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला.

गुरुजींनी हात हळूच खिशातून काढला. "म्याडम, ते मातीचं खरं हाये का मंग?"

"खरं आहे."

"मंग दुसरा दाखवा ना, भाऊ."

"गुरुजी, सारं लेआउटच काळ्या मातीत हाये," वकार कळवळून म्हणाला आणि त्यांना घेऊन पार पलीकडच्या टोकाला गेला.

ती निंबाखाली बसली. खुर्चीचा एक पाय आखूड होता. बाबाही असेच डुलत बसले असतील.

ती उठली तेव्हा वकार परत आला होता. सवयीने त्याने विचारलं, "मंग, पसंत हाये का?"

"बाबांना विचारून सांगते."

"आरामात," वकार म्हणाला, आणि खुर्ची त्याने उचलली नाही.