विहिरीचा कागद आणि दत्तोपंतांची फेहरिस्त

जो कागद कुणाच्याच हाती लागत नाही तोच खरा सुरक्षित राहतो, हे राज्यकारभाराचं मूलतत्त्व आहे. निजामी अमलाच्या अखेरच्या वर्षांत मुखेडकडच्या एका तहसील कचेरीत हे तत्त्व दत्तोपंतांइतकं कुणालाच उमगलं नव्हतं. दत्तोपंत तिथल्या दफ्तरखान्याचे मुहाफिज, म्हणजे जुन्या कागदांचे राखणदार. तांबड्या रुमालांत बांधलेले अकरा हजार कागद त्यांच्या ताब्यात होते. (आकडा वजनावरून काढला होता. मोजायचे तर रुमाल सोडावे लागले असते, आणि एकदा सोडलेला रुमाल पुन्हा तसा बांधला जात नाही, असा पंतांचा अनुभव होता.)

ह्या अकरा हजारांपैकी फेहरिस्तीत, म्हणजे यादीत, नोंदलेले कागद होते दोनशे बारा. नाक मुरडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. जो कागद कुणी मागितलाच नाही, तो नोंदवून सरकारची शाई कशाला नासायची? म्हणून पहिला नियम असा, की मागणी मंजूर झालेलाच कागद नोंदवायचा. आणि मागणी मंजूर कधी व्हायची? फेहरिस्तीतला नंबर लिहिला तर. हा दुसरा नियम. ह्या दोहोंत कुणी खोट काढून दाखवावी! सुभ्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी तीन दिवस प्रयत्न केला आणि शेवटी 'निहायत उम्दा', म्हणजे अत्युत्तम, असा शेरा मारून ते जेवायला गेले.

मग ते दोनशे बारा कागद कुठले? ते होते अर्ज. नंबर नाही म्हणून नामंजूर झालेला अर्ज हाही कागदच की! शिवाय तो पंतांच्या हातात आयताच पडलेला असे, म्हणून त्याला तेवढा नंबर मिळे.

अशा सुरळीत कारभारात चैत्रातल्या एका दुपारी मनकर्णाबाई आली. वय पन्नाशीचं, पाच कोस चालून आलेली, तोंड उन्हानं लाल. तिच्या गावात उन्हाळ्यात पाणी राहणारी एकच विहीर. तीस वर्षांपूर्वी दुष्काळी कामावर सरकारनं खोदलेली, साऱ्या गावाला खुली. पुढं शिवमूर्ती देशमुखांची मोसंबीची बाग वाढत वाढत विहिरीपाशी आली, विहिरीभोवती कुंपण पडलं आणि कुंपणाच्या दाराला कुलूप लागलं. बायाबापड्या दोन कोसांवरच्या नाल्यात झरे उकरू लागल्या. तहसीलदारांनी न्याय दिला: विहीर सरकारी असल्याचा जुना हुकूम चाळीस दिवसांत दाखवा, नाहीतर कुलूप कायम.

"नंबर?" पंतांनी विचारलं.

"कशाचा नंबर? हिरीचा कागद द्या मला."

"नंबराशिवाय मी माझ्या वडिलांनाही कागद दिला नाही, बाई." (हे खरं होतं. वडिलांचा अर्ज एकशे चाळिसावा होता.)

"आवो, मी सवता खोदलीय ती हीर! नवी नवरी हुते, डोईवर मुरूम वाह्यलाय. मला इचारा की!"

"पुरावा कागदाचा लागतो. तुम्ही कागद नाही."

"आन् तुमी मानूस न्हाई, पंत!"

पंतांनी हे मनाला लावून घेतलं नाही. मन लावण्याची अट त्यांच्या नोकरीत नव्हती. त्यांनी तिचा अर्ज नामंजूर केला आणि दोनशे तेरावा म्हणून प्रेमानं नोंदवला.

इथं एक दुर्घटना घडली. दाराशी पिराजी चपराशी बसला होता. वीस वर्षं तो रुमालांवरची धूळ झटकत आला होता. त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं, त्यामुळे कुठला कागद कुठं आहे हे त्याला बरोबर ठाऊक असे.

"हिरीचा का, माय? तिसऱ्या फळीवर हाय की. गोल हिरीचं चित्तर काढलंय. घुशीनं कोपरा खाल्लाय, पर शिक्का साबूत हाय."

मनकर्णाबाई फळीकडे धावली. पंतांनी हात आडवा केला. "पिराजी, फेहरिस्तीत नसलेला कागद तुला दिसलाच कसा?"

प्रश्न बिनतोड होता. यादीत नाही ते कचेरीत नाही. कचेरीत नाही ते ज्याला दिसतं, तो एक तर प्यालेला किंवा भ्रमिष्ट, आणि दोघांनाही सरकारी नोकरीत ठेवता येत नाही. पिराजीच्या घरी खाणारी सात तोंडं होती. त्यानं मनकर्णाबाईकडे एकदा पाहिलं, मान खाली घातली आणि 'मला काहीही दिसलं नाही' ह्या जबाबावर अंगठा उमटवला. नंबर दोनशे चौदा.

त्यानंतर ती दर आठवड्याला येत राहिली. हात जोडले, भांडली, पंतांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एकोणचाळिसाव्या दिवशी चौदा बाया रिकाम्या घागरी घेऊन कचेरीच्या अंगणात बसल्या. आता पंतही काही दगड नव्हते. त्यांनी आजवर कुणालाही न दिलेली गोष्ट मनकर्णाबाईला दिली: उर्दूतला, मोहोर उठवलेला, सुबक अक्षरातला दाखला. 'सदर विहिरीसंबंधी कोणताही हुकूम ह्या दफ्तरात नाही.' त्याची एक प्रत नंबर दोनशे पंधरा म्हणून ठेवून घेतली.

तिला वाचता कुठं येत होतं? तिला मोहोर दिसली. तिनं कागद कपाळाला लावला, पंतांच्या पायांवर डोकं ठेवलं. "देव तुमचं भलं करो, पंत. लई वंगाळ बोलले मी तुमाला." पंतांना खरंच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी तहसीलदारांपुढे तिनं तो दाखला मोठ्या ताठ्यानं ठेवला. देशमुखांनी पिराजीच्या जबाबाची नक्कल ठेवली. (ती त्यांना अर्ध्या घटकेत मिळाली होती. त्यांनी नंबर लिहिला होता.) दोन्ही बाजूंचे कागद एकच गोष्ट सांगतायत, असा मेळ तहसीलदारांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. त्यांनी दोन्ही पक्षांचं अभिनंदन केलं आणि कुलूप कायम केलं.

आपल्याच हातानं आपण काय नेऊन दिलं, हे कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनवीसानं वाचून दाखवलं तेव्हा मनकर्णाबाई पायरीवर बसून ढसाढसा रडली. मग पाच कोस चालून घरी गेली आणि घागर घेऊन नाल्याची वाट धरली, कारण माठात थेंब नव्हता. पंतांना त्या वर्षी बढती मिळाली. जिल्ह्यात एकाच विहिरीबद्दल तीन तीन नोंदी असलेलं दुसरं दफ्तर नव्हतं.

पंतांना तुम्ही हसलात, छान झालं. आता एवढंच सांगा, मनकर्णाबाई कुठल्या गावची? इतका वेळ गोष्ट चालली, ते नाव एकदाही आलं नाही, आणि तुम्हालाही ते विचारावंसं वाटलं नाही. पंतांनी निदान अर्जावर लिहून तरी घेतलं होतं.