नापासांच्या यादीत बाबा

शेणवे गावच्या प्रणयने घरी बसून कंपायलरची नोकरी धरली. ते नक्की असतं तरी काय, हे विचारायला त्याच्या आईला, धोंडूबाईंना, सहा महिने लागले. पण एकदा विचारलं आणि मग त्यांनी पिच्छा सोडला नाही.

"माणसानं लिहिलेला प्रोग्राम कॉम्प्युटरला कळेल असा करून देतो, तो कंपायलर," प्रणय म्हणाला. "त्याच्या हजारभर परीक्षा घ्यायच्या. त्यातल्या चौदा नापास होतात हे आम्हाला माहीतच आहे. त्यांची यादी ठेवलीय."

"मंग दुरुस्त कर ना."

"करणार गो, सवडीनं. तोवर यादीतले पडले तर घाबरायचं नाय. यादीबाहेरचा कोण पडला, तर आज आपणच कायतरी बिघडवलंय समजायचं."

धोंडूबाईंना हे फारच पटलं. त्यांनी लगेच स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहून काढलं: मिक्सर दाबून धरल्याशिवाय फिरत नाही. मागची कडी लागत नाही. प्रणयचे बाबा शेतावरून बाराला जेवायला येत नाहीत. बाबांनी, म्हणजे जयरामांनी, ते वाचलं आणि टोपी घालून ते बाहेर पडले.

तीन दिवसांनी प्रणयची नोकरी कायम व्हायची की नाही, हे त्याच्या नेहा मॅडम दुपारी दोनला ठरवणार होत्या. त्या दिवशी पावणेबाराला परीक्षा संपल्या. यादीबाहेर सगळे पास. आणि यादीतला सात नंबर, तोही पास.

"आई, सात नंबर आपोआप सुधारला," प्रणय खुशीत म्हणाला आणि तो यादीतून खोडायला बसला.

तेवढ्यात बाराच्या ठोक्याला जयराम दारात. "वाढ. आन् ती यादी पूस."

तेहेतीस वर्षांत हे घडलं नव्हतं. धोंडूबाईंना आनंद होण्याआधी संशय आला.

"पायाला चिखल कसा नाय?"

"धुतला."

"आन् कोयता?"

कोयता दाराआड होता. सकाळपासून जागचा हलला नव्हता.

"संदेशच्या चहाच्या टपरीवर बसलेलो," जयरामांनी कबूल केलं. "दारावर नाव बघून लाज वाटते."

"म्हंजे शेतावर गेलातच नाय. मंग उशीर व्हणार कुठून?"

प्रणयचा हात जागीच थांबला. त्याने सात नंबर उघडून पाहिला. काल आवराआवर करताना त्याने ती फाईल भलत्याच फोल्डरात टाकली होती. सात नंबर परीक्षेला बसलाच नव्हता, आणि जो पडला नाही तो पास, असा तिथला हिशोब होता. फाईल जागेवर ठेवून त्याने परत सगळं चालवलं. सात नंबर झोकात नापास झाला, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

दोन वाजता नेहा मॅडमनी विचारलं, "यादीतलं एखादं अचानक पास झालं, तर काय करशील?"

"आधी कोयता कुठे आहे ते बघीन," प्रणय बोलून गेला, आणि मग सगळी हकीकत सांगावीच लागली. हसता हसताच मॅडमनी त्याला कायम केलं.

दुसऱ्या दिवशी बाराला जयराम गुडघाभर चिखल आणि खांद्यावर कोयता घेऊन आले. धोंडूबाईंनी दोन्ही निरखून पाहिलं.

"आता तरी पूस," जयराम म्हणाले.

"एकदाच झालंय. उद्या परत चालवून बघू."

ताट मात्र त्यांनी पावणेबारालाच वाढून ठेवलं होतं.