कार्ड मोफत आहे

ब्रॅनम काउंटीतला सरकारी दवाखाना चालू ठेवायचा की बंद करायचा, यावर नोव्हेंबरात मतदान होणार होतं. मिस अर्लीन टॉलिव्हर, वय वर्षं चौऱ्याऐंशी, यांचं रक्त आठवड्यातून तीनदा तिथल्या यंत्रावर शुद्ध होई. दुसरं यंत्र सत्तर मैलांवर. तेव्हा काहीही झालं तरी मत द्यायचंच, असं त्यांनी ठरवलं.

यंदा मतदानाला फोटोचं ओळखपत्र सक्तीचं झालं होतं. खोटे मतदार पकडायला. आजवर एकही सापडला नव्हता, यावरूनच ते किती बेरकी असतील ते दिसतं, असं सरकारचं म्हणणं होतं. ज्याच्याकडे ओळखपत्र नाही त्याला कार्ड मोफत. कार्यालय महिन्याच्या पाचव्या बुधवारी उघडायचं. ज्या महिन्यात पाचवा बुधवार नाही, त्या महिन्यात जनतेने दम खावा.

ऑगस्टात तो योग आला. खिडकीत व्हर्लन स्टब्स होता. मिस अर्लीननी तीस वर्षं शाळेचा स्वयंपाक केला. व्हर्लन त्यांच्या हातची मक्याची पोळी खाऊनच एवढा रुंद झालेला. त्याने खुर्ची दिली, गुडघ्यांची चौकशी केली आणि जन्मदाखला मागितला. तो नव्हता. सुईणीने घरीच बाळंतपण केलेलं. नोंद काय ती घरच्या बायबलात. बायबलही चालेल, व्हर्लन म्हणाला, फक्त प्रतीवर नोटरीचा शिक्का हवा. मग तो उठून शेजारच्या टेबलावर जाऊन बसला, कारण नोटरीही तोच होता, आणि त्याने फोटोचं ओळखपत्र मागितलं.

"अरे, तू मला ओळखत नाहीस?"

"ओळखतो की, मिस अर्लीन. पण या टेबलावर नाही ओळखता येत."

"मग त्या टेबलावर जा."

"तिथे शिक्का नाही." बंदुकीचा परवाना असता तर लगेच चाललं असतं, असं तो मनापासून हळहळला.

मिस अर्लीन म्हणाल्या, "तरुणपणी मत द्यायला गेले, तर आम्हा काळ्यांना अडवायला बरणीत घेवड्याच्या बिया किती ते सांग म्हणाले. पण मेल्यांनी बरणी तरी समोर ठेवली होती."

व्हर्लन ओशाळला. त्याने नियम चाळून वाट काढली: जन्म डोळ्यांनी पाहिलेल्याचं शपथपत्र. ब्याण्णव वर्षांच्या थोरल्या बहिणीने, ओझेलाने, मूल फार रडकं होतं असं शपथेवर सांगितलं. ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला, पुढच्या पाचव्या बुधवारी, कार्ड टपालाने निघालं. टपालवाला चर्चमध्ये मिस अर्लीनच्या शेजारी उभा राहून गाणारा, पण पाकीट देण्याआधी त्याने फोटोचं ओळखपत्र मागितलं. ते पाकिटात आहे, असं त्यांनी सांगितलं. मग आधी ते दाखवा, तो म्हणाला, आणि पाकीट कार्यालयात परत गेलं.

मतदानाच्या दिवशी त्यांचं मत वेगळ्या लिफाफ्यात ठेवलं गेलं. पाच दिवसांत कार्ड दाखवा, मोजू. पुढचा पाचवा बुधवार जानेवारीत होता.

अकरा मतांनी दवाखाना बंद झाला. सरकारने अहवालात लिहिलं: एकही खोटा मतदार नाही, कायदा यशस्वी. मिस अर्लीन आता आठवड्यातून तीनदा सत्तर मैल जातात, आणि तितकेच येतात.

पण नुसत्या सरकारच्या नावाने खडे फोडू नका. काउंटीत कार्ड खिशात असलेले साडेचार हजार लोक त्या दिवशी घरीच बसले होते. रांग मोठी आहे, असं त्यांनी ऐकलं होतं. दवाखाना गेल्यावर सगळ्यांत जास्त चुकचुकले तेच. तुम्हीही आत्ता चुकचुकलात. तुमच्याकडे तर कार्ड आहे. गेल्या मतदानाला ते घराबाहेर काढलं होतंत का?