फक्कीच्या भिंती

तात्यांच्या घरात दारातूनच जावं लागायचं. यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. पण त्या घराला भिंती नव्हत्या. छप्पर नव्हतं, चौकट नव्हती, पायासुद्धा खणलेला नव्हता. मोकळ्या जागेवर फक्की, म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी टाकून घर आखलेलं होतं, तेवढंच. तरी एखादा पाहुणा सरळ चालत आला की तात्या दोन्ही हात वर करून त्याला जागच्या जागी थांबवायचे.

"भितीतून आलात पाव्हणं. माघारी जा, दार तिकडं हाय."

पाहुणा हसायचा. तात्या हसत नसत. मग तो बिचारा माघारी वळायचा, वळसा घालून फक्कीत सोडलेल्या फटीतून आत यायचा, आणि तात्या त्याला हॉलमध्ये बसवायचे. हॉलमध्ये म्हणजे एका दगडावर. शेजारच्या शेळ्या मात्र स्वयंपाकघरातून बिनदिक्कत देवघरात जायच्या. त्यांना तात्या काही बोलत नसत. मी एकदा घाईत तसा गेलो तर म्हणाले, "शेळ्यांना कळत न्हाई. तू तर कॉलेजात हाय."

या एका वाक्यापायी माझे बरेच रविवार गेले.

तात्यांचं नाव रावसाहेब. जन्मभर त्यांनी एसटी चालवली. बदली होईल त्या डेपोच्या गावी भाड्याच्या दोन खोल्या घ्यायच्या, असं करत करत ते निवृत्त झाले आणि कोल्हारला परत आले. इथंही आमच्या घरामागच्या भाड्याच्या दोन खोल्यांतच. वडिलांची गुंठाभर जागा होती, ती दोघा भावांत निम्मी झालेली. तात्यांच्या वाट्याला अर्धा गुंठा आला, म्हणजे साडेसोळा फूट रुंद आणि तेहतीस फूट लांब. शेजारचा अर्धा धाकट्या भावाचा, अशोककाकांचा. काका नाशिकला कंपनीत आहेत. त्यांच्या अर्ध्यात वेड्या बाभळी माजल्या होत्या. वाटणीच्या दिवशी तात्या चारचौघांत काहीतरी लागट बोलून गेले आणि काका चहाचा कप तसाच ठेवून उठले, असं आई सांगते. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे.

तात्यांच्या बायकोचं, इंदूकाकूंचं म्हणणं साधं होतं. "मला एक खिळा ठोकायचाय भितीत. कुनाला न इचारता."

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. मी बीएला आहे, विषय इतिहास. पण तात्यांच्या लेखी कॉलेज म्हणजे कॉलेज, तिथं सगळंच शिकवत असणार. त्यांनी मला घराचा नकाशा काढायला सांगितला. मला हे येत नाही असं मी दोन-तीनदा म्हणालो, पण मोठ्या माणसाला नाही म्हणताना माझा आवाज आधीच बारीक होतो. आई म्हणाली, चार रेघा मारून दे, तुझं काय जातंय. मी आलेखाचा कागद आणला.

त्या चार रेघांचं पुढं काय झालं ते कसं सांगावं कळत नाही. मी कागदावर काढायचो, तात्या जागेवर फक्की टाकायचे, आणि मग परीक्षा सुरू व्हायची. तात्यांची कसोटी एकच. "टर्न बसतो का बघ."

प्रत्येक खोली ते ड्रायव्हरच्या नजरेनं तपासत. दोन्ही हातांत नसलेलं स्टिअरिंग धरून दारातून आत यायचे, मोरीपाशी वळायचे, मान मागं टाकून रिव्हर्स घ्यायचे. आधी खाटेला टर्न बसतो का बघायचं, मग कपाटाला, मग गॅसच्या टाकीला. एकदा हॉल ओलांडून ते फारच सावकाश वळायला लागले. मी विचारलं, हे काय आहे. म्हणाले, "मी. आडवा. चौघांच्या खांद्याव. ऐन टायमाला टर्न बसला न्हाई म्हंजी गाव नावं ठेवंल." मग टर्न बसला नाही म्हणून त्यांनी दार हातभर सरकवलं. काकू दळण घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्यासुद्धा नाहीत.

एकदा मात्र नकाशा पसंत पडला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी, जिन्याखाली देवघर. सगळं बसलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. गफूरभाई मिस्त्रींना बोलावलं, त्यांनी अंदाज यावा म्हणून फक्कीच्या कडेनं विटांचा एक कोरडा थर मांडला. तात्यांनी हौसेनं घरून खाट आणवली. ती खाट खोलीत मावेना. आडवी धरली, तिरकी धरली, उभी करून पाहिली. मग लक्षात आलं की आम्ही सगळं घर मोजलं होतं, फक्त भिंतींची जाडी धरायची राहिली होती. फक्कीची भिंत बोटभर जाडीची असते, विटांची नऊ इंच. एवढे दिवस आम्ही त्या बोटभर भिंतींतून फिरत होतो आणि आम्हाला घर ऐसपैस वाटत होतं.

मला कानकोंडं झालं. तात्या मात्र खूश दिसले. त्यांनी पायानं सगळी फक्की पुसून टाकली आणि म्हणाले, "बरं झालं. आता पैल्यापासनं घेऊ."

ते का खूश झाले हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढं हे असंच चालू राहिलं. नकाशा होत आला की गफूरभाई यायचे, बिडी पेटवायचे आणि तोच प्रश्न विचारायचे. "तात्या, ही मधली भित कुनाची? तुमची का सामाईक?" सामाईक म्हणजे दोन्ही भावांच्या हद्दीवर निम्मी निम्मी. दोघांचीही घरं तिलाच टेकणार, दोघांचीही जागा वाचणार. पण त्यासाठी शेजाऱ्याला विचारावं लागतं. शेजारी म्हणजे अशोककाका. तात्या म्हणायचे, "बघू." आणि दुसऱ्या दिवशी मोरी जिन्याखाली गेलेली असायची, किंवा स्वयंपाकघर पुढं आलेलं असायचं, आणि मला नवा कागद घ्यावा लागायचा. गफूरभाईंनी मधल्या काळात आमच्या गल्लीतली दुसरी घरं बांधून दिली. त्यांच्या वास्तुशांतीची जेवणं तात्या जेवून आले आणि कुठल्या घरात कशाला टर्न बसत नाही ते मला सांगत बसले.

लोकांनी सांगून पाहिलं की एक फोन करा, नाहीतर भिंत आपल्या जागेत घ्या आणि मोकळे व्हा. तात्या ऐकून घ्यायचे. मीही थकलो होतो. रविवारी सकाळी दाराशी त्यांची चप्पल वाजली की मी पुस्तक उघडून बसायचो, आणि ते बाहेरूनच म्हणायचे, "वाच, वाच. मी थांबतो." आणि खरंच थांबायचे.

मग घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. त्यांनी दिवाळीपर्यंत खोल्या मोकळ्या करायला सांगितल्या. तात्या त्या दिवशीही फक्कीची पाटी घेऊन निघाले. थोड्या वेळानं काकू गेल्या. एका हातात गॅसची छोटी शेगडी, दुसऱ्या हातात पातेलं. त्या फटीतून रीतसर आत गेल्या, फक्कीच्या स्वयंपाकघरात शेगडी मांडली आणि चहा ठेवला. रस्त्यानं जाणारे बघत होते. तात्या म्हणाले, अगं काय चाललंय.

"आता हितंच करीत जाईन सैपाक," काकू म्हणाल्या. "भिती तुमी सावकाश बांधा."

त्यांच्या आवाजात रागही नव्हता. तात्यांनी हातातली पाटी खाली ठेवली. मग मला म्हणाले, तुझ्या मोबाईलवरून अशोकला नकाशाचा फोटो जातो का. मी म्हणालो, जातो. नंबर त्यांना पाठ होता. खाली काय लिहू विचारलं तर त्यांनी आधी पुष्कळ सांगितलं, आईची आठवण, बाभळी, तब्येत. मग सगळं पुसायला लावलं आणि एकच ओळ ठेवली. 'मधली भिंत सामाईक करू का. रावसाहेब.'

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही.

तात्यांनी मला उत्तराबद्दल एकदाही विचारलं नाही. पण अधूनमधून यायचे आणि विचारायचे, "तुझ्या मोबाईलला रेंज हाय ना हितं?" मी हो म्हणायचो. मग पाऊसपाण्याचं बोलून जायचे. शेवटी एका सकाळी त्यांनी गफूरभाईंना सांगितलं, भिंत सगळी माझ्या जागेत घे. भिंतीचे नऊच्या नऊ इंच हॉलमधून गेले. या वेळी त्यांनी टर्न बघितला नाही.

घर चढायला लागलं. इतक्या दिवसांनी खऱ्या विटा पाहून आनंद व्हायला हवा होता, पण आम्ही सगळे नुसते काम उरकत होतो. मधल्या भिंतीचा पहिला थर लावायच्या वेळी तात्यांनी मला टेपचं एक टोक धरायला लावलं आणि गफूरभाईंना म्हणाले, इथं एवढी जागा मोकळी सोड आणि वर लिंटल टाक.

लिंटल म्हणजे दाराच्या डोक्यावरची आडवी तुळई. गफूरभाईंनी थापी खाली ठेवली. "तात्या, तिकडं दार काढता येत न्हाई. जागा त्यांची हाय."

"दार कुठं म्हनतोय मी. लिंटल टाक आन खाली विटांनी बुजवून घे. फकस्त सिमेंट लावू नको. मातीत बसव."

"मातीत कशाला?"

तात्या टेप गुंडाळत होते. "फोडाया सोपं जातंय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, कुणी काही विचारलं नसताना, "त्याचं घर झालं, आन त्याला कवा वाटलं, तर."

गफूरभाईंनी हाताखालच्या पोराला माती कालवायला सांगितली.

दिवाळीच्या आधी वास्तुशांती झाली. अशोककाका आले नाहीत. गिलावा झाल्यावर ती जागा बाहेरून ओळखूही येत नाही. हॉल फारच अरुंद झालाय. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला खाटेवर बसावं लागतं. सामान लावायला मी गेलो होतो. खाट, शिलाई मशीन, भांड्यांची मांडणी, सगळं एकाच बाजूला दाटीनं लावलं होतं आणि मधल्या भिंतीचा तेवढा तुकडा रिकामा होता. लोखंडी कपाट कुठंच बसेना. मी ते सरकवत सरकवत त्या रिकाम्या जागी नेलं. अगदी मापानं केल्यासारखं बसलं. मी काकूंना बोलावून दाखवलं.

काकूंनी कपाटाकडं पाहिलं, मग आतल्या खोलीत पडलेल्या तात्यांकडं, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिथं नको ठिवू बाबा. वाट हाय ती."

मी कपाट परत ओढलं.